बेळगावाहून एका दिवसाच्या सहली: फोनमधल्या ऑफलाइन नकाशाचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

मृगाचा पाऊस लागला तेव्हापासून फोनमधला ऑफलाइन नकाशा सहलींसाठी वापरतोय. आता उन्हाळा आला, म्हणजे तिन्ही ऋतू बघून झाले. रस्ता दाखवायला तो पक्का आहे, दिवस आखायला मात्र अपुरा. पाणी, जत्रा आणि ऊस या तिन्हींचा हिशेब आपला आपणच धरावा लागतो.

पहिल्यांदा घरच्या वायफायवर हुक्केरीपासून खानापूरपर्यंत आणि आंबोलीपासून सौंदत्तीपर्यंतचा सगळा भाग उतरवून ठेवला. याचा फायदा चोर्ला घाटाच्या वाटेवर कळला. जांबोटी सोडल्यावर रेंज गेली, तरी मलप्रभेचा उगम बघायला कणकुंबीला बिनघोर पोचलो. ठिकाणांच्या याद्या मी रस्त्यावार केल्यात. खानापूर रोडच्या यादीत नंदगड आणि हलशी, हायवेच्या यादीत कित्तूर, वेंगुर्ला रोडच्या यादीत आंबोली. घरात ‘रविवारी कुठं जायचं’ हा वाद निघाला की एक रस्ता धरायचा आणि त्यावरचंच बघायचं. इकडून तिकडं आडवं जायला गेलं की अर्धा दिवस गाडीतच जातो.

नकाशा सांगतो त्या वेळेवर मात्र विसंबू नका. गाळप हंगामात गोकाक किंवा संकेश्वरच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढं असतात, आणि अरुंद रस्त्यावर त्यांना मागं टाकायला जागाच मिळत नाही. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की तीच गत. मी तासाला पंधरावीस मिनिटं जास्तीची धरतो आणि अंधाराआधी घाट उतरायचाच, असं ठरवूनच निघतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती धबधब्यांची. गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. चांगला पाऊस झाला की ते गढूळ लाल पाणी बघत राहावंसं वाटतं. तुषार इतके उडतात की चष्मा पुसून पुसून हात दुखतो. याच पाण्यावर १८८७ मध्ये तिथं वीज तयार झाली, हे मुलांना तिथंच उभं राहून सांगण्यात मजा आहे. पण उन्हाळ्यात त्याच जागी उघडा कातळ दिसतो. नकाशावरचे फोटो बहुतेक पावसाळ्यातले, आणि लोकांनी दिलेले रेटिंगचे तारे बाराही महिने तेवढेच. त्यामुळे लोकांचे अभिप्राय वाचताना आधी तारीख बघा. गेल्या आठ-दहा दिवसांतला फोटो असेल तरच निघा. मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबाही त्याच दिवशी बघून होतो, पण त्यालाही हाच नियम.

हलशीला पाण्याचा प्रश्न नाही, कधीही जा. कदंब राजघराण्याची ही दुय्यम राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे उभं राहिलं की एका बाजूला वराह, दुसऱ्या बाजूला नरसिंह. गर्दी नसते, निवांत बघता येतं. मला या सगळ्या भागात हे ठिकाण सर्वांत जास्त आवडलं. जाताना नकाशानं जवळचा म्हणून जो रस्ता दाखवला, तो भाताच्या शेतात जाऊन संपला. बांधावरच्या काकांनी हात केला, “दादा, इकडनं गाडी जात न्हाई. मागं फिरवा आणि नंदगडाकडनं जावा.” तसंच केलं. त्यामुळं नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशीही थांबता आलं. १८३१ साली इंग्रजांनी त्यांना इथंच फाशी दिली. तेव्हापासून नकाशा जवळचा रस्ता दाखवतो तिथं मी गावात एकदा विचारतोच.

सौंदत्तीला यल्लमाच्या डोंगरावर जायचं तर नकाशाआधी पंचांग उघडा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तर जत्राच. दर्शनच घ्यायचं असेल तर पहाटे निघा. आईला घेऊन जायचं म्हणून आम्ही साधा बुधवार धरला. परतताना नविलुतीर्थ धरणही बघून झालं.

भाषेचं सेटिंग मी मराठीवरून इंग्रजी केलं, कारण फाट्यावरच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात. निव्वळ कन्नड पाटी आली की धाकटी वाचते, ती शाळेत शिकते. पुढच्या सीटवर आता तिचीच जागा.

खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. भीमगड अभयारण्यातल्या जागांच्या खुणाही नकाशावर सहज मिळतात, वनखात्याची परवानगी लागते हे तिथं लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात ओढा कधी चढेल सांगता येत नाही, आणि रेंज नसल्यामुळं कुणाला हाकही मारता येत नाही. त्या खुणा मी यादीतून काढल्या, आणि ज्या नातेवाइकांना यादी पाठवली होती त्यांनाही फोन करून काढायला लावल्या.