१९०६ची खरवडलेली ओळ

गेल्या हिवाळ्यात ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ या इंग्रजी ग्रंथमालेतील, बॉस्वेलने लिहिलेल्या कोशकार सॅम्युएल जॉन्सनच्या चरित्राचे दोन खंड मी २८० पौंडांना विकत घेतले. ते १९०६च्या पहिल्या छपाईचे असून मूळ डस्ट जॅकेटांसह, म्हणजे बांधणीवरच्या सुट्या कागदी आवरणांसह आहेत, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती नंतरची पुनर्मुद्रणे निघाली आणि त्यांची किंमत फार तर दहा पौंड होती. ही माला जमवणारी मराठी मंडळी माझ्यासारखी इंग्लंडात आहेत तशी पुण्या-मुंबईतही आहेत, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

या मालेत सालाला एवढे महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. लंडनचे प्रकाशक जे. एम. डेंट यांनी अर्नेस्ट ऱ्हीस यांना संपादक नेमून १९०६च्या फेब्रुवारीत ती सुरू केली. अभिजात ग्रंथ कापडी बांधणीत अवघ्या एका शिलिंगात द्यायचे आणि असे एक हजार खंड काढायचे, हा त्यांचा संकल्प होता. डेंट १९२६ साली वारले, ऱ्हीस १९४६ साली, आणि हजारावा खंड निघाला तो १९५६ साली. स्वस्त असल्यामुळे पुस्तके भराभर खपत आणि पुन्हा पुन्हा छापली जात, त्यामुळे जुने खंड आजही ढिगाने मिळतात. माझ्या वडिलांनी विद्यार्थिदशेत मुंबईला फाउंटनच्या पदपथावरून घेतलेले चार खंड माझ्याकडे आहेत आणि त्या चारांतही पुनर्मुद्रणांच्या सालांची लांबलचक यादी आहे. दुर्मीळ असते ती पहिली छपाई, आणि तिच्याहूनही दुर्मीळ असते तिचे डस्ट जॅकेट, कारण त्या काळी बहुतेक लोक ते कागदाचे आवरण टाकूनच देत. पुस्तक सर्रास मिळणारे आणि त्यावरचा एक कागद मात्र मोलाचा, अशा ठिकाणी फसवणाऱ्याला किती थोडे काम करावे लागते, हे मला फार उशिरा कळले.

खंड एका संकेतस्थळावर विकायला होते. विक्रेत्याने आपण पुस्तकांचे व्यापारी नसून आजोबांचे घर रिकामे करत आहोत, असे लिहिले होते. मी अडाण्यासारखे प्रश्न विचारले नाहीत, याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. कण्यावरची सोनेरी वेलबुट्टी आणि पुठ्ठ्याच्या आतला रेजिनाल्ड नोल्स यांच्या नक्षीचा कागद यांची छायाचित्रे मी मागितली. १९३५ साली चित्रकार एरिक रॅव्हिलिअस यांनी मालेचे रूप पालटले असल्याने निदान त्यानंतरची प्रत गळ्यात पडणार नाही, असा माझा हिशेब होता. मग शीर्षकपानाच्या मागची बाजू मागितली. दोन तासांत स्वच्छ छायाचित्र आले. त्यात ‘पहिली आवृत्ती, फेब्रुवारी १९०६’ अशा अर्थाची एकच ओळ होती आणि तिच्याखाली पुनर्मुद्रणाचा उल्लेख नव्हता. नोल्स यांची वेलबुट्टी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तशीच चालू होती, म्हणजे तिच्यावरून १९०६ सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होते. पण ती ओळ पाहिल्यावर बाकीचा विचार मी थांबवला. विक्रेत्याने मागितले होते ३२० पौंड. संकेतस्थळाला दलाली न देता थेट पैसे पाठवले तर चाळीस पौंड कमी करतो, असे तो म्हणाला, आणि पैसे पाठवताना ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवडायला त्याने सांगितले. मी तो निवडला. ज्या माणसाला मी कधी पाहिलेही नव्हते, त्याला मी स्वतःच्या हाताने नातेवाईक करून घेतले.

पार्सल वेळेवर आले आणि सहा आठवडे मी खूश होतो. मग एका रविवारी, जमवलेल्या खंडांची नोंदवही नीट करताना, पहिला खंड सहज शेवटच्या बाजूने उघडला. या पुस्तकांच्या अखेरीस मालेतील ग्रंथांची जाहिरातवजा यादी असे आणि तीत प्रत्येक पुस्तकापुढे मालेतला क्रमांक असे. माझ्या प्रतीतील यादीत सातशेच्या पुढचे क्रमांक होते. १९०६ साल संपेपर्यंत मालेत निघाले होते सुमारे दीडशे खंड.

त्यानंतर मी शीर्षकपान खिडकीशी उजेडात धरले. ‘फेब्रुवारी १९०६’च्या खाली बोटभर रुंदीची एक पट्टी बाकीच्या कागदापेक्षा जास्त उजळ दिसत होती. बाजूने टॉर्च मारल्यावर तिथले तंतू किंचित उभे राहिलेले दिसले. कुणीतरी धारदार पात्याने पुनर्मुद्रणांच्या सगळ्या ओळी खरवडून काढल्या होत्या आणि वर काहीतरी गुळगुळीत घासून ती जागा बसवली होती. छायाचित्र समोरून, भरपूर उजेडात काढलेले असल्यामुळे त्यात हे दिसणे शक्यच नव्हते.

जॅकेटांचा उलगडा तर पाच मिनिटांत झाला. भिंगाखाली अक्षरे सलग काळी दिसण्याऐवजी बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शाई सलग बसते आणि कागदावर दाबही उमटतो, म्हणजे ही जॅकेटे आजच्या प्रिंटरवर छापलेली होती. दर्शनी बाजूला दमटपणाचे तपकिरी डाग होते, पण जॅकेट उलटवले तर आतला कागद कोरा होता, म्हणजे डागही छापलेले होते. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावल्यावर जॅकेटचा कागद निळसर पांढरा चमकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून अशी चकाकणारी रसायने वापरण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. वडिलांचे जुने खंड त्याच टॉर्चखाली मंद, पिवळट राहिले.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. विक्रेत्याचे खाते बंद झालेले होते. पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने ‘मित्र किंवा नातेवाईक’ या पर्यायाला खरेदीचे संरक्षण नसते, असे उत्तर दिले आणि ते नियमाला धरूनच होते. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून दुरून घेतलेली वस्तू सहसा चौदा दिवसांत परत करता येते, पण खासगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही. आजोबांच्या घराची कथा कशासाठी होती, ते तेव्हा लक्षात आले. व्यापाऱ्याकडून थेट क्रेडिट कार्डावर घेतलेल्या आणि १०० पौंडांहून अधिक किमतीच्या वस्तूबाबत १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. चाळीस पौंडांच्या मोहात माझा व्यवहार यांपैकी कशातच बसला नाही. पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे, क्रमांक मिळाला आहे.

आता कुणी १९०६चा खंड दाखवला की मी आधी शेवटच्या चार पानांचे छायाचित्र मागतो, मग शीर्षकपान उजेडासमोर धरून काढलेले आणि नंतर जॅकेटची आतली बाजू. परवा एका विक्रेत्याने याच मागणीनंतर उत्तर देणे बंद केले. दुसऱ्या एका बाईंनी मात्र यादी बघून स्वतःच कळवले की ही प्रत १९१०च्या आसपासची असावी, आणि ती मला सहा पौंडांत दिली.

ते दोन खंड मी फेकले नाहीत, कारण मजकूर पुरता आहे आणि बांधणी घट्ट आहे. उद्या माझ्या पश्चात ते कुठल्या दुकानात गेले तर पुन्हा १९०६चे म्हणून विकले जाऊ नयेत, म्हणून खरवडलेल्या जागेखाली पेन्सिलीने ‘येथील पुनर्मुद्रणांची साले पुसलेली आहेत’ असे लिहिले आहे आणि दोन्ही जॅकेटांच्या आतल्या घडीवर, पुसता न येणाऱ्या शाईने, ‘नक्कल’.