फुटबॉलचा शर्ट, जुनी लिपी, टाय की भरतकाम: क्रोएशियन कपड्यांत रोज घालायला काय घ्यावं?

स्प्लिट किंवा झाग्रेबच्या दुकानात शिरलं की नजर आधी लाल-पांढऱ्या चौकड्यांवर जाते, आणि त्यात नवल नाही. जेमतेम 39 लाख लोकवस्तीचा हा देश 1998 च्या विश्वचषकात तिसरा, 2018 मध्ये दुसरा आणि 2022 मध्ये पुन्हा तिसरा आला. फुटबॉल बघणाऱ्या कुठल्याही मराठी घरात हा शर्ट ओळखीचा आहे. पण तुम्हाला एकच वस्तू घ्यायची असेल आणि ती कपाटात न पडता दर आठवड्याला अंगावर यावी असं वाटत असेल, तर जरा थांबा. क्रोएशियन माणसं आपला वारसा बऱ्याच तऱ्हांनी अंगावर घालतात. प्रत्येक तऱ्हेचा खर्च वेगळा, धुणं-वाळवणं वेगळं आणि लोक त्यातून काय अर्थ काढतात तेही वेगळं. माझा कल आधीच सांगतो: चिन्ह जितकं मोठं, तितके ते घालायचे दिवस कमी.

चौकड्या की अक्षरं?

बहुतेकांची खरी ओढाताण या दोघांत होते. टी-शर्ट घ्यायचा हे ठरलेलं असतं. त्यावर चौकड्या असाव्यात की ग्लागोलिटिक या जुन्या लिपीतली अक्षरं, एवढंच ठरत नसतं.

चौकड्यांच्या नक्षीला तिथे शाहोव्नित्सा म्हणतात. राष्ट्रीय चिन्ह म्हणून तिचं जुनं चित्र 1495 च्या सुमाराचं, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधलं आहे. आजचं राजचिन्ह मात्र 1990 मधलं आहे. ते रेखाटणारे चित्रकार मिरोस्लाव शुतेय यांनीच फुटबॉल संघाच्या शर्टाची कल्पनाही दिली. संघ झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानात अमेरिकेशी खेळला तो दिवस होता 17 ऑक्टोबर 1990. झेंडा आणि राजचिन्ह कायद्याने ठरले 21 डिसेंबरला, आणि युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्याची घोषणा झाली 1991 च्या जूनमध्ये. म्हणजे संघ आधी आणि देश मागून. या शर्टाला तिथे इतका मान का, याचं अर्धं उत्तर या क्रमातच आहे.

घालण्याच्या दृष्टीने पाहिलं तर अडचणी सरळ आहेत. अधिकृत शर्ट पॉलिस्टरचा असतो आणि किंमत शंभर युरोंच्या आसपास जाते. मैदानात घाम सुकवायला तो बरा, पण दिवसभर ऑफिसात किंवा लोकलच्या गर्दीत नको होतो. शिवाय पुढून-मागून चौकड्याच चौकड्या असल्यामुळे त्यावर दुसरं काही शोभत नाही. 2024 च्या युरो स्पर्धेत तर चौकोन इतके मोठे केले होते की टेबलावरचं कापड आठवावं. याउलट बाहेरच्या सामन्यांसाठीचा शर्ट, म्हणजे गडद रंगावर गडद चौकड्या असलेला, जीन्सवर सहज खपून जातो. चौकड्याच हव्या असतील तर माझं मत त्यालाच. नाहीतर छातीवर लहानसं चिन्ह असलेला साधा सुती कॉलरवाला टी-शर्ट घ्या.

छापील चिन्ह घेताना एक गोष्ट नीट बघून घ्या. अधिकृत राजचिन्हात पाच गुणिले पाच, असे 25 चौकोन असतात आणि वरचा डावा चौकोन लाल असतो. वर पाच छोट्या ढालींचा मुकुट असतो. काही दुकानांत पहिला चौकोन पांढरा असलेलं चिन्ह मिळतं. इतिहासात दोन्ही प्रकार सापडतात हे खरं, पण 1941 ते 1945 या काळात नाझींच्या आधाराने चाललेल्या उस्ताशा राजवटीने पांढऱ्यापासून सुरू होणारं चिन्ह वापरलं. त्यामुळे आज त्याकडे राजकीय नजरेने पाहिलं जातं. काळ्या टी-शर्टांवर ‘झा दोम स्प्रेम्नी’ (मातृभूमीसाठी सज्ज) असं लिहिलेलं दिसेल, तेही घेऊ नका. ही त्याच राजवटीची घोषणा. 2013 मध्ये आइसलँडवरच्या विजयानंतर खेळाडू योसिप शिमुनिच याने मैदानात ती प्रेक्षकांकडून वदवून घेतली, तर फिफाने त्याच्यावर 10 सामन्यांची बंदी घातली आणि त्याचा 2014 चा विश्वचषक हुकला. विक्रेता हसून ‘देशभक्तीचं आहे’ म्हणाला तरी आपण परक्याने ते अंगावर का वागवावं? सर्बियात किंवा बोस्नियात पुढे फिरणार असाल तर मोठ्या चौकड्याही सुटकेसमध्येच राहू द्या.

आता अक्षरं. ग्लागोलिटिक लिपी नवव्या शतकातली, संत सिरिल यांच्या नावाशी जोडलेली. बाकीच्या स्लाव्ह प्रदेशांत ती हळूहळू मागे पडली. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर मात्र ती शतकानुशतकं टिकली. 1248 मध्ये पोपने सेन्य शहराच्या बिशपना या लिपीतून आणि स्लाव्ह भाषेतून पूजा करण्याची परवानगी दिली होती. 1483 मध्ये छापलेलं पहिलं क्रोएशियन पुस्तक, म्हणजे प्रार्थनाविधीचा ग्रंथ, याच लिपीत आहे. क्र्क बेटावरचा बाश्का शिलालेख साधारण 1100 सालचा; त्यात राजा झ्वोनिमिरचा उल्लेख येतो. टी-शर्टांवर सर्वाधिक छापल्या जातात त्या याच शिलालेखातल्या ओळी. देशाने 2023 च्या पहिल्या दिवशी युरो स्वीकारला, तेव्हा 1, 2 आणि 5 सेंटच्या नाण्यांवरही देशाच्या नावाची दोन अक्षरं याच लिपीत घातली.

रोज घालायला हा टी-शर्ट बिनधास्त चालतो. लांबून ती नुसती नक्षी वाटते, आणि जवळून कुणी विचारलंच तर सांगायला गोष्ट असते. कापड बहुधा सुती, किंमत अधिकृत फुटबॉल शर्टाच्या बरीच खाली. निवडताना अक्षरांचा आकार पाहा. क्रोएशियातली लिपी कोनदार, चौकोनी वळणाची. गोल गोल, फुग्यांसारखी अक्षरं दिसली तर ते जुनं वळण, बल्गेरिया-मॅसेडोनियाकडचं. तेही सुंदरच आहे, पण क्रोएशियाची आठवण म्हणून घेत असाल तर कोनदारच घ्या. स्वतःचं नाव छापून मिळतं, त्यात मजा आहे, पण आपल्या ळ आणि ठ साठी तिथे अक्षरं नाहीत. काळ्यांनी ‘काले’ व्हायची तयारी ठेवावी.

याच गटात तीन पदरांची विणलेली दगडी नक्षी येते, तिला प्लेतेर म्हणतात. नवव्या-दहाव्या शतकातल्या चर्चांच्या दगडांवर ती आहे. बेल्टच्या बक्कलवर, हुडीच्या बाहीवर ती फार देखणी दिसते. पण देशाबाहेर दहातले नऊ जण तिला आयर्लंडची समजतील. दर वेळी खुलासा करायचा कंटाळा असेल तर अक्षरंच बरी.

टाय की भरतकाम?

ज्यांना ऑफिसात घालायचं आहे, किंवा कुणाला चांगली भेट द्यायची आहे, त्यांच्यासाठी ही दुसरी जोडी.

सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, क्रोएशियन घोडेस्वार गळ्यात गाठ मारलेला रुमाल बांधत. फ्रान्समध्ये त्या रुमालाची फॅशन झाली. चौदाव्या लुईच्या सैन्यात ‘रुआयाल क्राव्हात’ नावाची पलटणही होती; क्राव्हात म्हणजे क्रोएशियन, आणि टायचं ‘क्राव्हात’ हे नावही त्यावरूनच. टाय आपल्याकडून जगभर गेला हा अभिमान क्रोएशियन लोक मोकळेपणाने मिरवतात. 18 ऑक्टोबर 2003 रोजी पुला नावाच्या शहरातल्या रोमन रंगमंडपाला त्यांनी प्रचंड लाल टाय गुंडाळला होता. 2008 मध्ये संसदेने तो दिवस टायचा दिवस म्हणून जाहीर केला. झाग्रेबमध्ये क्राव्हात पलटणीचे सैनिक जुन्या गणवेशात, गळ्यात लाल रुमाल बांधून पहारा बदलतात. कपडे घ्यायच्या आधी ते बघून घ्या, म्हणजे दुकानातला सेल्समन काय सांगतोय ते पटकन कळेल.

इलित्सा रस्त्यावरच्या ऑक्टोगॉन या जुन्या काचेच्या छताच्या गल्लीत क्रोआता या टाय बनवणाऱ्यांचं दुकान आहे. रेशमी टायवर बारीक प्लेतेर, बारीक ग्लागोलिटिक अक्षरं, कधी अगदी लहान चौकड्या. मला हा सगळ्यांत सभ्य पर्याय वाटतो: ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं. त्याच नक्षीचे स्कार्फही असतात आणि साध्या कुर्त्यावर ते छान दिसतात. तोटे दोन. महाराष्ट्रात मे महिन्यात टाय बांधणारे थोडेच, आणि रेशीम घरी धुता येत नाही. तुमच्या ऑफिसात टाय लागतच नसेल तर कौतुकाने घेतलेला टाय लग्नसराईपुरता उरेल. मग स्कार्फ घ्या, पैसे वसूल होतात.

भरतकामाचं वेगळं आहे. दुब्रोवनिकच्या दक्षिणेला कोनाव्ले नावाचा सुपीक पट्टा आहे. तिथल्या बायका अंगरख्याच्या छातीवर आणि मनगटपट्टीवर रेशमी धाग्याने भौमितिक नक्षी भरत. रेशमाचे किडे घरीच पाळायचे, धागा वनस्पतींच्या रंगांत रंगवायचा. कापडावर आधी काहीही न आखता, धागे मोजून टाके घालायचे. इरकली साडीवरची कशिदा पाहिलेली असेल तर हे मोजणं तुम्हाला ओळखीचं वाटेल. 1991 च्या स्वातंत्र्ययुद्धात हा भाग होरपळला. त्यानंतर तिथल्या बायकांनी ही कला पुन्हा नेटाने सुरू केली. चिलिपी गावात, म्हणजे दुब्रोवनिकचा विमानतळ आहे तिथेच, हंगामात रविवारी चर्चसमोर नाच होतो आणि हस्तकलेच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात.

हाताने भरलेला पूर्ण सदरा महाग पडतो आणि रोज घालवतही नाही. पण मनगटपट्टी, छोटी पर्स, गळ्यातलं लॉकेट किंवा सदऱ्याच्या कॉलरवरचा एक पट्टा एवढं पुरतं. हाताचं की यंत्राचं हे ओळखायला कापड उलटून बघा. मागची बाजू एकसारख्या पांढऱ्या दोऱ्याने भरलेली असेल तर ते यंत्राचं काम. टाय आणि भरतकाम यांत निवडायचं तर भरतकामाचे पैसे थेट करणाऱ्या बाईच्या हाती जाण्याची शक्यता जास्त, म्हणून माझं पारडं तिकडे झुकतं. पाग, लेपोग्लावा आणि ह्वार इथल्या लेसचं नाव मोठं आहे, 2009 पासून ती युनेस्कोच्या यादीतही आहे, पण ती चौकटीत घालून भिंतीवर लावण्याची वस्तू. रोजच्या कपड्यांच्या हिशेबात ती धरू नका.

गोव्याच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. दुब्रोवनिकचे दर्यावर्दी सोळाव्या शतकात गोव्यापर्यंत आले असं मानतात, आणि गवंडाळीचं सांव ब्रास चर्च त्यांच्याशी जोडलं जातं. हे ब्रास म्हणजेच दुब्रोवनिकचे रक्षक संत व्लाहो, हातात शहराची छोटी प्रतिकृती धरलेले. त्यांचं चित्र असलेला टी-शर्ट दिसला तर तुम्ही चौकड्यांचा विचारही करू नका.

पायात काय?

बोरोवोचे स्टार्टास बूट या यादीत बसतात आणि बसतही नाहीत. 1976 मध्ये वुकोवार शहरातल्या कारखान्यात ते टेबल टेनिससाठी तयार झाले: सुती कापड, नैसर्गिक रबराचा पातळ तळवा, किंमत आवाक्यातली. आता फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या नाना छपाईंत मिळतात. पण ते युगोस्लाव्हियाच्या काळातले, त्यामुळे सर्बियातल्या बेलग्रेडच्या माणसालाही ते आपल्या शाळेतले वाटतात. त्याच 1991 च्या युद्धातल्या वेढ्यात वुकोवारची धूळधाण झाली, म्हणून क्रोएशियन मनात त्यांना दुसराही रंग आहे. दिसायला मला या सगळ्यांत हेच आवडतात. मात्र पावसाळ्यात कापड भिजलं की वाळत नाही आणि सपाट पाय असणाऱ्यांना तळवा टोचतो. ऑक्टोबर ते मे, एवढाच त्यांचा काळ.

लहान मुलांसाठी लिचितार, म्हणजे लाल मधाच्या बिस्किटाच्या हृदयांची छपाई असलेले फ्रॉक घ्या, फार विचार करू नका. दर्यावर्दी पट्ट्यांचा निळा-पांढरा टी-शर्ट किनाऱ्यावर सगळीकडे दिसतो, पण तो जगभर कुठेही मिळतो. त्यासाठी सामानात जागा अडवू नये.

घेताना कापडाच्या आतलं लेबल वाचा. राष्ट्रीय नक्षी छापलेले कित्येक शर्ट दुसऱ्याच देशात शिवलेले असतात. देशाच्या वाणिज्य मंडळाकडून मिळणारा ‘इझवोर्नो ह्र्वात्स्को’ हा शिक्का वस्तूवर असेल तर ती अस्सल क्रोएशियन. विक्रीकर तिथे 25 टक्के आहे आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर तो परत मागता येतो. म्हणून टाय, टी-शर्ट वेगवेगळ्या दुकानांतून घेण्याऐवजी एकाच दुकानात एकाच बिलावर घ्या, तिथेच फॉर्म भरून मागा आणि विमानतळावर सामान आत देण्याआधी कस्टमचा शिक्का मारून घ्या.