गुडघा बदलण्याआधी धातूंची पॅच टेस्ट: आमचा अनुभव

आईच्या कानात खोट्या कुड्या घातल्या की कान चिघळतात, घड्याळाच्या चकतीखाली मनगट खाजतं. गुडघा बदलायचं ठरल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी हे नेमकं विचारलं आणि कृत्रिम सांध्यातल्या धातूंची ॲलर्जी आहे का ते पाहणाऱ्या पॅच टेस्टसाठी पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझे प्रश्न संपत नव्हते. बाईंनी एकही टाळला नाही.

पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात. त्यांत पेट्रोलियम जेलीत कालवलेले क्षार असतात: निकेल सल्फेट 5 टक्के, कोबाल्ट क्लोराइड 1 टक्का, पोटॅशियम डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) अर्धा टक्का. 48 तासांनी पट्ट्या काढतात, पण खरी गंमत नंतर आहे. टी-पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, ही प्रतिक्रिया सावकाश उमटते, धातूंच्या बाबतीत तर कधी आठवडाभराने. म्हणून बाईंनी 96 तासांनी आणि पुन्हा सातव्या दिवशी पाठ पाहिली. एकदाच बघून अहवाल देणारं ठिकाण असेल तर मी तिथे जाणार नाही.

निकेलचे आयन आपल्याच प्रथिनांना चिकटतात आणि टी-पेशींना ती प्रथिनं परकी वाटू लागतात. शिवाय माणसाच्या पेशींवरच्या टीएलआर-4 या ग्राहीला (धोक्याचा इशारा टिपणाऱ्या प्रथिनाला) निकेल थेट जागं करतं. उंदराच्या ग्राहीत त्या जागी हवी ती हिस्टिडिनं (एक अमिनो आम्ल) नसतात, म्हणून उंदीर तसा प्रतिसाद देत नाही, हे जर्मन संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. बाईंना हे माहीत होतं, आणि आईला समजेल अशा मराठीत त्यांनी ते सांगितलं!

आईची निकेलची जागा लाल होऊन पुरळली. कोबाल्ट आणि क्रोमियमच्या जागा स्वच्छ. इथे मला बाईंचा प्रामाणिकपणा सर्वांत आवडला. त्या म्हणाल्या, "काकू, ही तुमच्या कातडीची परीक्षा आहे, गुडघ्याची नाही." निकेलची ॲलर्जी असलेल्या कितीतरी लोकांचे नेहमीचे कृत्रिम सांधे व्यवस्थित चालतात. सांध्यात झिजलेले कण गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचा त्रास वेगळ्या वाटेने होतो, तो या पट्टीवर दिसत नाही.

आम्ही अहवाल घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. नेहमीच्या सांध्यातल्या कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूत निकेल एक टक्क्याच्या आतच असतं, तरी त्यांनी ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम या दुसऱ्या धातूच्या सांध्याचा पर्याय समोर ठेवला. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा पूर्ण सांधा 54,720 रुपये आणि टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचा 76,600 रुपये होता, कर वेगळा. फरक लहान नाही. आईच्या मनातली धास्ती पाहून आम्ही झिर्कोनियम घेतला. पण अंगावर कधी धातूचा त्रास झालेला नसेल, तर कुणी घाबरवून ही तपासणी किंवा महाग सांधा गळ्यात मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

तक्रारी आहेत. सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत, आणि तपासणीच्या खोलीत गुडघे दुखणाऱ्यांना टेकून उठता येईल अशी खुर्ची नाही. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, त्यामुळे मे महिना टाळा. घामाने पट्ट्या सुटतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, नाहीतर प्रतिक्रिया दबून निकाल फसवा येऊ शकतो.