ईएलएम३२७ ब्लूटूथ ॲडॅप्टर: जुन्या गाडीचे कोड वाचण्यासाठी कितपत उपयोगी?

हजार रुपयांच्या आत मिळणारा हा ॲडॅप्टर म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचायची एक डबी; गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड ती फोनवरच्या ॲपमध्ये दाखवते. मी तो २०१४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकवर वापरतो. गाडी पहिल्यापासून नागपुरातच आहे आणि ४५ अंशांच्या घरातले इथले उन्हाळे तिने उघड्यावर काढलेले आहेत. ज्या बिघाडासाठी तो घेतला, त्याच्याशी या उन्हाचा जवळचा संबंध निघाला.

आधी डबीविषयी. मूळ ईएलएम३२७ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, पण या किमतीत मिळते ती तिची नक्कलच असते. माझ्या डबीवर ‘आवृत्ती १.५’ असे ठसठशीत छापलेले आहे आणि गंमत म्हणजे मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरीही इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचणे आणि पुसणे ही कामे ती विनातक्रार करते. ॲपमध्ये एकाच वेळी अनेक आकडे मागितले, की मात्र ती स्पष्टपणे रेंगाळते.

चेक इंजिनचा दिवा लागल्यावर पी०१७१ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. अनेक गॅरेजांत हा कोड दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची भाषा सुरू होते. वास्तविक तो सेन्सर बहुतेक वेळा केवळ तक्रार नोंदवणारा असतो. ॲडॅप्टरचे पैसे वसूल झाले ते कोडपेक्षा फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे संगणक पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याच्या, चालू आकड्यांमुळे. गाडी जागेवर उभी असताना ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या आसपास होता आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर धरताच तो झपाट्याने उतरत होता. पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर भार वाढल्यावर आकडा उलट चढला असता. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद असताना गळतीतून बाहेरून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा असतो, थ्रॉटल उघडल्यावर तो नगण्य होतो. म्हणून संशय इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या पाइपांवर गेला आणि उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेला एक रबरी पाइप सापडला. माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, त्यामुळे त्याच्या पुढून शिरलेली हवा मोजणीत येत नाही. हवेऐवजी तिचा दाब मोजणाऱ्या केवळ एमएपी सेन्सरवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

याहून जुनी गाडी असलेल्यांनी खरेदीपूर्वी थांबावे. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवण्याची व्यवस्था. भारतात ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले. शेजाऱ्यांच्या २००५ सालच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट होते आणि ॲडॅप्टरचा दिवाही लागला, परंतु ॲप शेवटपर्यंत जोडले गेले नाही. सोळाव्या पिनेला थेट बॅटरीचा पुरवठा असल्यामुळे दिवा लागतो. गाडीचा संगणक ॲडॅप्टरशी बोलतो आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. अशा गाडीसाठी त्या कंपनीचे जुने प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनर असलेले गॅरेजच गाठावे.

विक्रेते ‘कोड पुसा, दिवा घालवा’ अशी जाहिरात करतात, ती मला पटत नाही. कोड पुसला, की बिघाडाच्या क्षणी टिपलेले फ्रीझ फ्रेमचे आकडेही जातात आणि पुढे मेकॅनिकला हाती धरायला काही उरत नाही; म्हणून आधी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. आयफोन वापरणाऱ्यांनी साध्या ब्लूटूथऐवजी वायफायचा प्रकार घ्यावा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत याने वाचता आले नाहीत. काम झाल्यावर डबी सॉकेटमधून काढावी, कारण चावी बंद असतानाही ती बॅटरीतून वीज घेत राहते आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरी उतरू शकते.