नोकरी सांभाळून दूरस्थ एमएस्सी : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

संख्याशास्त्रात एमएस्सी करतेय, दूरस्थ पद्धतीने, सोबत फुल टाइम नोकरी. दोन सेमिस्टर झाल्या, तिसरी चालू आहे. अ‍ॅडमिशनच्या आधी मी लोकांचे अनुभव खूप शोधले, पण मिळायचं ते एकतर पुस्तकं घरी आली त्या आठवड्यातल्या उत्साहात लिहिलेलं, नाहीतर कोर्स सोडून दिलेल्यांचं. अर्ध्या वाटेवर असलेल्या कुणाचं काही सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी तासांचा हिशोब, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. माहितीपुस्तिकेत '२० क्रेडिट' असं लिहिलेलं असतं आणि आपण वाचून पुढे जातो. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास असतात हो. इग्नूमध्ये १ क्रेडिट म्हणजे ३० तास, युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत २५ ते ३०, ब्रिटनमध्ये १०, त्यामुळे आपल्या कोर्सचं क्रेडिट किती तासांचं ते विचारून घ्या. माझ्या कोर्सला ३० धरतात, म्हणजे एका सेमिस्टरला ६०० तास, २६ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला २३. वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं त्यातच. आणि मी काय ठरवलं होतं, तर रोज रात्री एक तास आणि रविवारी चार, म्हणजे दहा! पहिल्या सेमिस्टरला पाच पेपरपैकी दोन राहिले. निकालाच्या रात्री खूप रडले, कोर्स सोडायचाच विचार होता. मग नियम नीट वाचले तेव्हा कळलं की दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, पेपर मागेपुढे करता येतात. दुसऱ्या सेमिस्टरला तीनच पेपरचा फॉर्म भरला आणि तिन्ही निघाले. नोकरी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे मान्य करावं असं माझं स्पष्ट मत आहे, दोनाची तीन वर्षं झाली तरी चालेल पण राहिलेल्या पेपरांचं ओझं पुढच्या सेमिस्टरवर नको.

तास काढले तरी ते तुकड्यातुकड्यांत मिळतात, ही पुढची अडचण. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं, येताजाता बसमध्ये अर्धा तास, रात्री सगळं आवरल्यावर एक तास. मला व्हायचं काय की पुस्तक उघडलं की आपण कुठे होतो, हे सिद्धांतातलं पाऊल का घेतलं होतं, हे आठवण्यातच पंधरा मिनिटं जायची. यावर एक सवय लावून घेतली आणि तिचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. उठायच्या आधी वहीत पेन्सिलने दोन ओळी लिहायच्या, कुठे थांबले आणि पुढे नेमकं काय करायचं. उदा. 'उदाहरण ४ मध्ये व्हेरियन्स काढून झाला, आता टेबलमधून किंमत बघून निर्णय लिहायचा.' दुसऱ्या दिवशी दमलेल्या डोक्याला एवढं पुरतं, हात आपोआप चालू होतो. मात्र नवीन आणि अवघड धडा तुकड्यांत होत नाही, तो मी रविवार सकाळसाठीच ठेवते, तीन तास सलग, फोन दुसऱ्या खोलीत. तुकड्यांमध्ये उजळणी, गणितं, असाइनमेंट फेअर करणं.

उजळणीचंही सांगते. आधी मी युनिट परत परत वाचायचे आणि येतंय असं वाटायचं, परीक्षेत कोरा कागद समोर आला की काहीच सुचायचं नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. माझं अगदी तेच होत होतं. आता पुस्तक मिटून लिहिते, अडलं तरच उघडते. त्रास होतो, वेळही जास्त लागतो, पण टिकतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप चांगला वाटतो ते. मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, रोज एक्स-बार आर चार्ट भरते, म्हणजे उत्पादन ताळ्यावर आहे का ते बघायचा सरासरी आणि रेंजचा आलेख. पाच-पाच पीस मोजायचे, सरासरी काढायची, रेंज (सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक) काढायची आणि कंट्रोल लिमिटसाठी, म्हणजे सरासरी ज्या हद्दीत राहायला हवी त्यासाठी, सरासरी रेंजला ०.५७७ ने गुणायचं. नऊ वर्षं मी ते ०.५७७ भिंतीवरच्या तक्त्यातून बघून लिहितेय. कुठून आलं ते ना मला कुणी सांगितलं ना मी कधी विचारलं. दुसऱ्या सेमिस्टरला ऑर्डर स्टॅटिस्टिक्स (निरीक्षणं चढत्या क्रमाने लावून केलेला अभ्यास) करताना पाच निरीक्षणांच्या रेंजची अपेक्षित किंमत आली, सिग्माच्या (प्रमाण विचलनाच्या) २.३२६ पट. आकडा ओळखीचा वाटला. वही काढली, ५ चं वर्गमूळ २.२३६, त्याला २.३२६ ने गुणलं, ३ ला त्या गुणाकाराने भागलं आणि ०.५७७ आलं! रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी नवऱ्याला उठवून दाखवलं. अमेरिकन अभियंता वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला, तेव्हापासून शॉपफ्लोरवर चालत आलेली ही पद्धत, आणि ती आपल्या हाताने सुटताना बघणं, हे मला नोकरी सोडून कॉलेजला गेले असते तर असं मिळालं नसतं, कारण तेव्हा मशीन समोर नसतं. दुसऱ्या दिवशी शिफ्टमधल्या दोन मुलांना समजावून सांगितलं, त्यातल्या एकाने तक्त्याखाली सूत्र लिहून ठेवलंय.

तक्रारीही आहेतच. पहिल्या सेमिस्टरची एक असाइनमेंट मी मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पोर्टलवर टाकली, स्क्रीनवर 'सबमिटेड' दिसलं, आणि महिन्याने यादीत माझ्या नावापुढे 'अप्राप्त'. माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता, सहा ईमेल केले, दोन अर्धे दिवस रजा घालवून अभ्यासकेंद्रावर गेले, शेवटी पुन्हा जमा करून घेतली. तेव्हापासून पावतीचा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि मुदतीच्या चार दिवस आधी सबमिशन. परीक्षा फॉर्म, फीची पावती, हॉलतिकीट सगळ्याला हाच नियम. इथे आठवण करून द्यायला वर्गशिक्षक नसतात, आठवड्यातून एकदा वेबसाइट स्वतःच बघावी लागते.

मला सगळ्यात जास्त जाणवलेली गोष्ट म्हणजे आपण अभ्यास केला की नाही हे कुणीच विचारत नाही. संपर्कवर्गात एक बाई भेटल्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, त्या बँकेत आहेत. आम्ही दर बुधवारी रात्री फोन करतो, अर्धा तास, आणि एकमेकींना एकेक गणित तोंडी समजावतो. 'ताई, या आठवड्यात काहीच झालं नाही' असं सांगायची लाज वाटते म्हणून मंगळवारी तरी मी बसतेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे लोक आहेत, तिथे तारखा कळतात, अभ्यास होत नाही.

ऑफिसात एकाने 'ही पोस्टाची डिग्री काय कामाची' असं विचारलं तेव्हा वाईट वाटलं. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरून परीक्षा देऊ देतंय, मंडेलांनी १९८९ मध्ये तुरुंगवासातच दूरस्थ पद्धतीने कायद्याची पदवी पूर्ण केली. मान्यता मात्र स्वतः तपासा, नियामक संस्थेच्या यादीत तुमचं विद्यापीठ आणि तुमचा नेमका कोर्स, तोही तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी, दोन्ही असायला हवेत. मी तेवढं काम आधीच केलं होतं आणि तोच कागद त्याला दाखवला.

चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट आहे. आमच्याच लाइनचा दोन वर्षांचा डेटा घ्यायचा विचार आहे, परवानगीचा अर्ज मॅनेजर सरांकडे दिलाय. सरांनी ठेवून घेतलाय आणि म्हणाले आहेत की कंपनीचं नाव येणार नसेल तर बघू.