तैपेईतली न्याहारी: सोया दुधाचं दुकान की कोपऱ्यावरचा तवा?

तैपेईला कामासाठी किंवा फिरायला निघाला असाल, तर हॉटेलच्या दरात धरलेला ब्रेकफास्ट आधी काढून टाका. टोस्ट आणि कापलेलं कलिंगड कुठेही मिळतं. तैवानात सकाळचं खाणं बाहेरून घेणं ही रोजची साधी गोष्ट आहे. शाळेला निघालेली पोरं, ऑफिसच्या घाईतली माणसं, बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडलेले आजोबा, सगळे त्याच चार टेबलांच्या दुकानात भेटतात. प्रश्न एवढाच उरतो की कोणत्या दुकानात जायचं. कारण ही दुकानं मुख्यतः दोन जातींची आहेत आणि दोघांचा खाक्या वेगळा आहे.

पहिलं सोया दुधाचं दुकान. इथे दोउज्यांग, म्हणजे सोया दूध, हा पाया आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. दुसरं नाक्यावरचं तव्याचं दुकान. तिथे भला मोठा लोखंडी सपाट तवा, त्यावर अंडी, बर्गर, नूडल्स, आणि शेजारी बर्फ घातलेला दुधाचा चहा.

माझं मत आधीच सांगते. हाताशी एकच सकाळ असेल तर सोया दुधाचं दुकान. महिनाभर राहायचं असेल तर तुम्ही आपोआप तव्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक होणार, त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

‘पारंपरिक’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. दोन्ही प्रकार तसे तरुण आहेत. तैवानची जुनी न्याहारी म्हणजे तांदळाची किंवा रताळं घातलेली पेज आणि बरोबर लोणची. १९४९ नंतर चीनमधून आलेल्या सैनिकांनी आणि निर्वासितांनी उत्तरेकडचं पिठाचं खाणं आणलं. १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेची मदत चालू होती, तिच्यातून गहू आला आणि तांदूळ खाणाऱ्या बेटावर मैदा रुळला. तैपेईहून नदीचा पूल ओलांडला की योंगहे लागतं. तिथे १९५५ मध्ये सोया दुधाचं एक दुकान सुरू झालं आणि त्या गावाचंच नाव पुढे देशभर, मग परदेशातही, पाट्यांवर चढलं. तव्याची दुकानं त्याहून नवी, १९८०च्या दशकात फोफावलेली. मॅकडोनल्ड्स तैपेईत आलं १९८४ मध्ये. साधारण त्याच काळात नाक्यानाक्यावर गोडसर मेयोनीज आणि काकडीचा कीस घातलेले स्वस्त बर्गर मिळू लागले. ‘मेइ-अर्-मेइ’ नावाच्या पाट्या तुम्हाला जागोजागी दिसतील. त्या सगळ्या एकाच मालकाच्या आहेत असं समजू नका.

आता खाण्याकडे. सोया दुधाच्या दुकानात गोडं दूध मागवलंत तर काही चुकणार नाही, पण काही कळणारही नाही. मागवायचं ते खारं, श्यान दोउज्यांग. वाडग्याच्या तळाशी व्हिनेगर, चिरलेली कांद्याची पात, खारवलेल्या मोहरीच्या गड्ड्याचे बारीक तुकडे, सुकट आणि तिखट तेल घालतात. त्यावर उकळतं सोया दूध ओततात. व्हिनेगरने दूध तिथल्या तिथे फुटतं आणि मऊ गुठळ्या धरतात. वर योउत्याओचे, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या लांब कांडीचे, तुकडे. पहिला चमचा तोंडात घालेपर्यंत हे बिघडलेलं दिसतं. तिसऱ्या चमच्याला त्या गुठळ्या, तिखट तेल आणि अर्धवट भिजलेला कुरकुरीत तुकडा यांचं जमून येतं. पाच मिनिटं ठेवलंत तर मात्र सगळं लगदा होतं, म्हणून फोटो भराभर काढा. पार्सल तर घेऊच नका.

बरोबर शाओबिंग: तीळ लावलेली, पदर सुटलेली, भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेली रोटी. तिच्यात अख्खी योउत्याओ घालून देतात, म्हणजे मैद्यात मैदा. पावात बटाटावडा घालून खाणाऱ्यांनी यावर नाक मुरडू नये. फान्तुआनही चांगला. वाफवलेला चिकट भात, आत योउत्याओ, मुळ्याचं लोणचं आणि डुकराच्या मांसाचा सुका भुगा, सगळं दाबून वळलेलं. हा एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

तव्याच्या दुकानाचा हुकमी पदार्थ दानबिंग. पातळ पोळीवर अंडं फोडून, गुंडाळून, तुकडे करून वर घट्ट सोया सॉस. आत मका, चीज, ट्यूना, काय हवं ते. साखळी दुकानांत पोळी बहुतेकदा तयार, गोठवलेली येते. हाताने लाटलेली किंवा पीठ ओतून केलेली हवी असेल तर सोया दुधाचं किंवा एखादं जुनं दुकान शोधावं लागतं, आणि फरक पहिल्याच घासाला कळतो. बाकी मिरीच्या सॉसमधल्या नूडल्स, तव्यावर परतलेली पांढऱ्या मुळ्याची वडी, शेंगदाण्याचं लोणी फासलेला जाडजूड टोस्ट. आणि बर्फाळ दूध-चहा, जो प्यायला की पोट साफ होतं हा तैवानातला जुना विनोद. आपल्यासारख्या उकळलेल्या चहाची अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नका.

परक्या माणसाला सोपं कुठलं? तव्याचं दुकान. तिथे कागदी यादी असते, तीवर पेन्सिलीने खुणा करायच्या, टेबलाचा क्रमांक लिहायचा, द्यायची. यादी चिनीत असली तरी फोनचा कॅमेरा धरून काम भागतं. मालकीणबाई कोणालाही ‘देखण्या’, ‘सुंदरी’ अशा हाका मारतात, लगेच लाजायचं कारण नाही. सोया दुधाच्या दुकानात गिऱ्हाईक रांगेत असतं, मागणी तोंडी द्यायची असते आणि मागचा माणूस घाईत असतो. तीन शब्द पुरतात: बिंग म्हणजे थंड, रं म्हणजे गरम, नेय्-युंग म्हणजे इथेच खाणार. खर्चात फारसा फरक नाही. दोन माणसांचं पोटभर खाणं दीडशे-दोनशे तैवानी डॉलरांत होतं. एक डॉलर पावणेतीन रुपयांच्या आसपास धरा. सुटे पैसे जवळ ठेवा, टिप द्यायची पद्धत नाही.

शाकाहारी असाल तर तुलना उलटीपालटी होते. सोया दुधाच्या दुकानात गोडं दूध, किंवा तांदूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं मीज्यांग, हे निर्धास्त. खाऱ्या दुधात सुकट नको हे आधी सांगावं लागतं: ‘बु याओ श्यापी’. शाओबिंगच्या पदरांत डुकराची चरबी असू शकते, मुळ्याच्या वडीत सुकट असू शकते. अंडं चालणाऱ्याला दानबिंग सोयीचं, पण ते भाजलं जातं बेकन भाजलेल्याच तव्यावर. हे ज्यांना चालत नाही त्यांनी दोन्ही दुकानं सोडून तिसरीकडे जावं. तैवानात बौद्ध शाकाहारी न्याहारीची दुकानं वेगळी असतात आणि त्यांच्या पाटीवर बऱ्याचदा चक्क स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट फिरलेलं. तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासातल्या मंडळींची सोय आपोआप झाली. पाकीटबंद वस्तूंवरही अंडं, दूध, कांदा-लसणाचा वर्ग यांप्रमाणे शाकाहाराचे प्रकार छापलेले असतात. ही शिस्त आपल्याकडच्या नुसत्या हिरव्या ठिपक्यापेक्षा कामाची आहे.

राहिला प्रसिद्ध दुकानाचा प्रश्न. हुआशान मार्केटमधल्या फुहांग या सोया दुधाच्या दुकानाला मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेच्या स्वस्त-आणि-मस्त यादीत जागा मिळालेली आहे. शान्दाओ टेम्पल मेट्रो स्टेशनच्या पाच नंबरच्या दारातून वर आलं की समोरच. दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्या. रांग जिना उतरून रस्त्यावर वळते. तिथली जाड शाओबिंग खरोखर उत्तम आहे, आणि काचेपलीकडे कारागीर कणीक लाटताना दिसतात, त्यात रांगेतला वेळ थोडा सुसह्य होतो. तरी तासभर उभं राहण्याइतका फरक मला वाटत नाही. मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर हॉटेलच्या गल्लीतलं, जिथे भट्टी दिसते असं कुठलंही दुकान गाठा. जायचंच असेल तर साडेपाचला उघडतं तेव्हा जा, आणि सोमवार टाळा.

सकाळी उठणंच जमत नसेल तर तव्याची दुकानं विसरा, ती दुपारच्या आधी-नंतर आवरती घेतात. सोया दुधाची बरीच दुकानं मात्र रात्रीही उघडी असतात. योंगहे तर रात्रभर चालणाऱ्या दुकानांसाठीच नावाजलं. मेट्रोच्या नारिंगी लाइनवरच्या डिंगशी स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं.