गरम पाण्याच्या सामाईक लाईनचा सर्व्हे: पैसे वसूल, पण एक तक्रार आहे

कोल्हापूरच्या आमच्या रमणमळ्यात तीन जुन्या इमारती, मिळून 44 फ्लॅट. गच्चीवरचे सोलर पावसाळ्याचे चार महिने नुसते शोभेला, मग घरोघरी गिझर. सगळ्यांसाठी एकच हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) बसवून गरम पाण्याची एकच लाईन फिरवता येईल का, याचा आराखडा द्यायला एका सल्लागार कंपनीला 45 हजार दिले. मीटिंगमध्ये सगळे माझ्यावर तुटून पडले. "नुसत्या कागदाला 45 हजार?"

कंपनीचा पोरगा आला, त्यानं मेन केबलला वीज मोजायचा क्लॅम्प लावला आणि दहा दिवस नोंदी घेतल्या. दोन-दोन किलोवॅटचे 44 गिझर म्हणजे 88 किलोवॅट. प्रत्यक्षात सकाळी साडेसहालासुद्धा लोड तिशीच्या पुढं गेला नाही. रविवारी तर आंघोळी दहापर्यंत रेंगाळतात. आधी मटणाची रांग, मग बाकीचं. म्हणून पंप लहान आणि टाकी मोठी, असा त्याचा हिशोब. टाकी 60 अंशांवर ठेवायची, नाहीतर न्यूमोनिया करणारे लेजिओनेलाचे जंतू वाढतात, हेही त्यानं बजावलं.

पैसे वसूल झाले ते तिसऱ्या इमारतीपाशी. ती रस्त्यापलीकडं. आठ फ्लॅट, त्यातले तीन बंद. नळ उघडल्या उघडल्या गरम पाणी यायचं तर लाईन सतत फिरती ठेवावी लागते. जायचा पाइप 60 मीटर, यायचा 60. चांगलं इन्सुलेशन करूनही मीटरमागं 10 वॅट उष्णता जाते, म्हणजे दिवसाला जवळजवळ 29 युनिट. आणि त्या पाच घरांना लागणार किती? घरटी 100 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला 4 युनिट, म्हणजे सगळे मिळून 20! "काका, ही इमारत सोडा," म्हणाला. शिरोलीला फौंड्रीत बत्तीस वर्षं भट्टीजवळ काढली मी, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जास्त घरं म्हणजे स्वस्त, एवढंच धरून बसलो होतो.

आता तक्रार. पहिल्या नकाशात पंप आणि टाकी पार्किंगमध्ये. वॉचमन मामांनी त्याला हाताला धरून खांबापाशी नेलं आणि 2019 च्या पुराची रेघ दाखवली, पोराच्या छातीएवढी. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि गप नकाशा बदलला. सगळं गच्चीवर गेलं. पण दोन हजार लिटर म्हणजे पाण्याचंच वजन दोन टन. तीस वर्षांचा स्लॅब ते पेलेल का, यावर रिपोर्टमध्ये एक ओळ नाही. विचारलं तर "ते आमच्या कामात येत नाही." अहो, मग आधी सांगायचं! स्ट्रक्चरल इंजिनिअरचा खर्च आता वेगळा.

पाचपैकी चार स्टार. स्लॅब तपासणारे पुढच्या आठवड्यात येतायत. रस्त्यापलीकडचे माझ्याशी अजून बोलत नाहीत.